आरमाराचं ‘टोचन’

सुट्टीत गावाला जाताना घाटात बंद पडलेला ट्रक तुम्ही नक्की पाहिला असेल. चाकांना दगड लावलेले, झाडाच्या फांद्या तोडून मागे रस्त्यावर टाकलेल्या आणि ड्रायव्हर बिचारा कठड्यावर बसून वाट बघतोय. मग केव्हातरी दुसरा ट्रक थांबतो. दोघांच्या मध्ये जाड दोर नाहीतर लोखंडी दांडा अडकवतात आणि धडधाकट ट्रक त्या आजारी ट्रकला ओढत ओढत गॅरेजपर्यंत नेतो. ड्रायव्हरमंडळींच्या भाषेत याला म्हणतात ‘टोचन’.

आता हेच दृश्य समुद्रावर नेऊन बघा. तिथे चाकाला लावायला दगड नाही आणि टेकून बसायला कठडाही नाही. इंजिन बंद पडलं की जहाज एका जागी थांबत नाही, ते वाहत सुटतं. वारा आणि लाटा त्याला आडवं करतात आणि मग प्रत्येक लाट बरोबर कुशीत धडका देते. त्यातून ते जहाज युद्धनौका असेल, त्याला टॉर्पेडो लागलेला असेल, निम्म्या खोल्यांत पाणी भरलं असेल, आणि सर्वांत जवळचं बंदर हजार मैलांवर असेल तर?

अशा वेळी टोचन लावायला जो येतो, त्याला म्हणतात फ्लीट टग. फ्लीट म्हणजे आरमार. आरमाराबरोबर भर समुद्रात जाणारा, ओढण्यासाठीच बांधलेला टग. आज आपण त्याची गोष्ट ऐकायची आहे.

मुंबईच्या बंदरात तुम्ही टग पाहिले असतील. बुटके, रुंद, कडेनं टायर लटकवलेले, आणि भल्यामोठ्या जहाजाला धक्क्याला लावताना उगाचच इकडून तिकडे पळताहेत असं वाटणारे. (उगाच नसतात बरं का ते पळत!) पण ते बंदरातले टग. संध्याकाळी घरी येणारे. फ्लीट टग त्यांचा थोरला चुलतभाऊ. तो महिनोन्‌महिने घराबाहेर असतो.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी लगेच विचारेल, “पण त्यासाठी वेगळं जहाज कशाला? एका युद्धनौकेनं दुसरीला ओढावं की!” प्रश्न बरोबर आहे, आणि वेळ आली की तसं करतातही. पण एक तर युद्धनौका पळण्यासाठी बांधलेली असते, ओढण्यासाठी नाही. शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपल्यासारखं होतं ते. आणि दुसरं म्हणजे, एक नौका जखमी झालेली असताना दुसरी चांगली नौका तिला दोरानं बांधून घेते, तेव्हा शत्रूला एकाऐवजी दोन संथ लक्ष्यं मिळतात.

अमेरिकेच्या नौदलाला हे गणित दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच कळलं होतं. पॅसिफिक महासागर केवढा अवाढव्य! तिथे लढाई झाली तर दुरुस्तीच्या गोदीपर्यंत पोचायलाच आठवडे लागणार. म्हणून १९४० साली त्यांनी ‘नॅव्हाहो’ नावाचा एक नवा टग सेवेत आणला आणि पुढे त्याच आराखड्यावर साठाहून जास्त टग बांधले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या ज्या जमाती आहेत, त्यांची नावं या टगांना दिली : चेरोकी, सेमिनोल, झुनी, पॉनी. (पॉनी म्हणजे इथे तट्टू नव्हे, तीही एक जमातच.)

हा टग दिसायला कसा होता? लांबी साडेबासष्ट मीटर. म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा, वर दोन मीटर. रुंदी बारा मीटरच्या आतच. सगळा सरंजाम भरला की वजन जवळजवळ १,७०० टन. वेग साडेसोळा नॉट, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. जहाजावर माणसं मात्र पंच्याऐंशीच्या आसपास! एवढ्याशा टगावर एवढी माणसं कशाला, तर त्यात पाणबुडे होते, वेल्डर होते, सुतार होते, तोफा चालवणारे होते आणि या सगळ्यांना जेवू घालणारे आचारीही होते. तरंगतं गॅरेज, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका असं सगळं एकातच.

पण खरी गंमत आहे ती त्याच्या इंजिनात. चार मोठी डिझेल इंजिनं, पण त्यांतलं एकही पंख्याला, म्हणजे जहाजाच्या प्रॉपेलरला, थेट जोडलेलं नाही. डिझेल इंजिनं जनित्रं फिरवतात, जनित्रं वीज तयार करतात आणि त्या विजेवर एक भलीमोठी मोटर चालते. ती मोटर पंखा फिरवते. ताकद तीन हजार अश्वशक्ती.

“हा द्राविडी प्राणायाम कशाला?” असं वाटलं ना? मग आपल्या रेल्वेकडे बघा. भारतभर वर्षानुवर्षं धावलेलं ‘डब्ल्यूडीएम-२’ हे डिझेल इंजिन अगदी याच पद्धतीचं होतं. आत डिझेल जळतं, पण चाकं फिरतात विजेच्या मोटरवर. त्याची ताकद होती २,६०० अश्वशक्ती. म्हणजे आपला टग त्याच्यापेक्षा थोडासाच वरचढ. दोघांचं कामही तेच आहे : उभ्या असलेल्या प्रचंड ओझ्याला अगदी हळूहळू हलवायचं. आगगाडी सुटताना आठवा. पहिल्या दोन-चार फुटांनाच सगळा जोर लागतो. डिझेल इंजिनाला फार कमी वेगात जोर लावायला सांगितलं तर ते गुदमरून बंद पडतं, पण विजेची मोटर मात्र जवळजवळ उभ्या जागेवरूनही पूर्ण जोर लावू शकते. शिवाय तिचा वेग अगदी बारीक बारीक बदलता येतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला दहा-बारा हजार टनांचं जहाज असलं की ‘थोडंसं पुढे’ आणि ‘अजून थोडंसं पुढे’ यांत जीवनमरणाचा फरक असतो. आणि वीज हाताशी असल्यामुळे पंप, वेल्डिंग, दिवे, सगळ्याची सोय होते.

आता दोराकडे वळू. मला स्वतःला टगाचा सर्वांत आवडणारा भाग म्हणजे त्याचा दोर.

दोर म्हणजे पोलादी तारांचा पीळ. लहान मुलाच्या मनगटाएवढा जाड आणि शेकडो मीटर लांब. तो एका प्रचंड रहाटावर गुंडाळलेला असतो. तुम्हाला वाटेल, दोर सतारीच्या तारेसारखा ताठ असला पाहिजे, तरच ओढता येईल. नाही! ताठ दोर हा टगाचा शत्रू. घाटातल्या त्या टोचनाचं बघा ना. पुढच्या ड्रायव्हरनं घाई करून एकदम गाडी काढली की दोराला हिसका बसतो आणि तो फाटकन तुटतो. समुद्रात तर दर लाटेला हिसका आहे. टग लाटेवरून खाली घसरतोय आणि मागचं जहाज त्याच वेळी दुसऱ्या लाटेवर चढतंय, असं दिवसरात्र चालू असतं.

मग उपाय काय? दोर लांब सोडायचा. इतका लांब की मधला भाग स्वतःच्या वजनानं पाण्यात खोल लोंबत राहील, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. लाट आली, दोन्ही जहाजं दूर गेली, की आधी तो झोळ कमी होतो. दोर सरळ व्हायला लागतो, पण पूर्ण ताठ व्हायच्या आत लाट निघून जाते आणि झोळ पुन्हा खाली येतो. वजनच स्प्रिंगचं काम करतं! झोळ आणखी वाढवायचा असेल तर ओढल्या जाणाऱ्या जहाजाची नांगराची साखळी सोडून तिच्या टोकाला दोर जोडतात. साखळी जड, म्हणून झोळ मोठा. शिवाय रहाटालाही अक्कल दिलेली असते. ताण फार वाढला की तो आपणहून थोडा दोर सोडतो आणि ताण उतरला की पुन्हा गुंडाळून घेतो. पतंग उडवताना ढील देता आणि खेचता ना, अगदी तसं. फरक एवढाच, की इथल्या पतंगाचं वजन हजारो टन.

आता घरच्या घरी करायचा एक प्रयोग. भोक असलेली एक फूटपट्टी घ्या. टेबलावर ठेवा. ही तुमची टग. मागच्या टोकाच्या भोकात दोरा बांधा आणि बहिणीला किंवा भावाला तो मागे ताणून धरायला सांगा. टगाचं सुकाणू असतं मागच्या टोकाला, म्हणून तुम्ही फूटपट्टीचं मागचं टोक बोटानं बाजूला ढकलून तिला वळवायचा प्रयत्न करा. वळते? नाही ना! दोरा त्या टोकाला हलूच देत नाही. आता दोरा सोडून फूटपट्टीच्या बरोबर मध्यावर बांधा आणि पुन्हा मागचं टोक ढकला. आता ती झर्रकन वळते.

म्हणूनच टगाचा रहाट शेपटाशी नसतो, मध्याच्या आसपास असतो, आणि त्याच्या मागचा अख्खा डेक मोकळा आणि पाण्यापासून जेमतेम वर ठेवलेला असतो. दोर त्यावरून डावी-उजवीकडे सरकू शकतो. तो कुठल्या कठड्यात किंवा खांबात अडकू नये म्हणून डेकवर लोखंडी कमानीही घातलेल्या असतात.

पण या युक्तीत एक धोका लपलेला आहे. ओढलं जाणारं जहाज भलतीकडे वळलं आणि दोर मागे जायच्याऐवजी टगाच्या थेट बाजूला आला, तर? मग तो टगाला कमरेत धरून आडवा पाडतो. फूटपट्टीऐवजी उभी पेन्सिल घ्या, मध्यावर दोरा बांधून बाजूला ओढा, म्हणजे कळेल. असे टग काही क्षणांत उलटतात. म्हणून चांगला कप्तान दोर बांधतानाच तो तोडायचा कसा, याचीही तयारी ठेवतो. पोलाद कापायची गॅसबत्ती हाताशी तयार असते. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा तर पहिला नियम. तुटलेला पोलादी दोर चाबकासारखा उलटा येतो. त्याच्या वाटेत माणूस आला तर विचारायलाच नको.

एवढं समजलं की पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल.

ऑक्टोबर १९४४. अमेरिकेच्या विमानवाहू नौका फोर्मोसा बेटाजवळ, म्हणजे आजच्या तैवानजवळ, जपानी तळांवर हल्ले करत होत्या. १३ तारखेच्या संध्याकाळी जपानी विमानानं सोडलेला टॉर्पेडो ‘कॅनबेरा’ या क्रूझरला लागला. दुसऱ्याच संध्याकाळी, १४ तारखेला, ‘ह्यूस्टन’ या दुसऱ्या क्रूझरला तसाच तडाखा बसला. तिच्या इंजिनांच्या सगळ्या खोल्यांत पाणी शिरलं, दिवे गेले, नौका एका बाजूला कलली. बरेचसे खलाशी सोबतच्या विनाशिकांवर उतरवावे लागले.

ताफ्याच्या प्रमुखांपुढे दोन वाटा होत्या. माणसं काढून घ्यायची आणि नौका आपणच बुडवून टाकायची, किंवा ओढत न्यायची. फोर्मोसा अगदी जवळ, जपानी विमानं टप्प्यात, आणि आपला सुरक्षित तळ म्हणजे उलिथी बेटं. अंतर किती? दोन हजार किलोमीटरहून जास्त. मुंबईहून रेल्वेनं हावड्याला जाण्यापेक्षाही लांब! अॅडमिरल हॉल्सी यांनी ओढायचं ठरवलं.

सुरुवातीला क्रूझरांनीच क्रूझरांना ओढलं. ‘कॅनबेरा’ला ‘विचिटॉ’नं आणि ‘ह्यूस्टन’ला ‘बॉस्टन’नं. मग दोन फ्लीट टग येऊन पोचले. ‘मन्सी’नं कॅनबेराचा दोर घेतला आणि ‘पॉनी’नं ह्यूस्टनचा. वेग किती, तर चार-पाच नॉट. आरामात चालवलेली सायकलसुद्धा या मिरवणुकीच्या पुढे गेली असती.

खलाशी भारी मिश्कील असतात. त्यांनी या जथ्याला नाव ठेवलं, ‘लंगडी तुकडी नंबर एक’. पुढे त्यांच्या लक्षात आलं की हॉल्सीसाहेब या जखमी नौकांचा गळाला लावलेल्या गांडुळासारखा उपयोग करू पाहताहेत. त्यांना बघून जपानी आरमार बाहेर आलं तर त्याच्यावर झडप घालायची, असा बेत. झालं, लगेच नाव बदललं : ‘आमिष तुकडी नंबर एक’. आपणच गळावरचं गांडूळ आहोत हे कळल्यावरही ज्यांना विनोद सुचतो, त्या लोकांचं मला कौतुक वाटतं.

१६ ऑक्टोबरला दुपारी जपानी विमानं आलीच. सोबतच्या नौकांनी तोफांचा भडिमार केला, बरीच विमानं पाडली गेली, पण एकानं जवळ येऊन टॉर्पेडो सोडला. तो ह्यूस्टनच्या मागच्या टोकाला लागला. तिथे विमानांच्या पेट्रोलचा साठा होता. आगीचा लोळ उठला.

आता जरा पॉनीच्या डेकवर जाऊन उभे राहा. मागे काहीशे मीटरवर ह्यूस्टन पेटली आहे. ती कोणत्याही क्षणी बुडेल असं दिसतंय. ती बुडाली तर दोरासकट तुम्हालाही मागे खेचणार. विमानं डोक्यावर आहेत. बाकीच्या नौका वेग वाढवून नागमोडी पळू शकतात, तुम्हाला पळता येत नाही, कारण तुम्ही बांधलेले आहात. गॅसबत्ती हाताशी आहे. दोर कापला तर दोन मिनिटांत तुम्हीही मोकळे.

पॉनीनं ह्यूस्टनला संदेश पाठवला. लांबलचक नव्हता. आम्ही तुमची साथ सोडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि पॉनी ओढत राहिला.

ह्यूस्टनवरची आग विझवली गेली. आणखी माणसं उतरवली, मागे राहिले ते दोनशेच्या आसपास. ते रात्रंदिवस पंप चालवत होते, भिंतींना लाकडाचे टेकू देत होते, हातानं पाणी काढत होते. त्या नौकेत त्या वेळी सुमारे ६,३०० टन पाणी भरलेलं होतं. पॉनीचं सगळं वजन किती, आठवतंय? १,७०० टनांच्या आत! म्हणजे जो टग ओढत होता त्याच्या जवळजवळ चौपट वजनाचं तर नुसतं पाणीच नौकेच्या पोटात होतं. नौकेचं स्वतःचं वजन वेगळंच.

२७ ऑक्टोबरला ह्यूस्टन उलिथीला पोचली. कॅनबेराही पोचली. ह्यूस्टन तिथे तात्पुरती सावरली, नंतर मानुस बेटावर तिची डागडुजी झाली, आणि १९४५ च्या मार्चमध्ये ती स्वतःच्या इंजिनांवर न्यूयॉर्कच्या गोदीत दाखल झाली.

सगळ्याच टगांच्या नशिबी असं यश नव्हतं. ज्याच्यापासून सुरुवात झाली तो ‘नॅव्हाहो’ सप्टेंबर १९४३ मध्ये पेट्रोलनं भरलेला तराफा ओढत असताना पाणबुडीनं बुडवला. अनेक माणसं गेली. ‘सेमिनोल’ त्याच्या आदल्या वर्षी ग्वादलकनाल बेटापाशी पेट्रोलची पिंपं वाहताना भरदिवसा जपानी विनाशिकांच्या तावडीत सापडला. ‘नॉसेट’ इटलीच्या किनाऱ्यापाशी विमानहल्ल्यात बुडाला. या टगांवर मोठी म्हणावी अशी एकच तीन इंची तोफ होती. विनाशिकेपुढे ती म्हणजे वाघापुढे गलोल.

आता ‘झुनी’ची हकिगत ऐका. ती जरा वेगळी आहे, कारण ती संपता संपत नाही.

झुनी १९४३ मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला बांधला गेला. ह्यूस्टन उलिथीला पोचून जेमतेम आठवडा झाला असेल, तोच ३ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री ‘रीनो’ या क्रूझरला पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ती इतकी कलली होती की आता उलटते की मग, अशी अवस्था. झुनीनं तिला ओढत उलिथीला आणलं. नौदलाच्या नोंदीत हे अंतर १,५०० मैल लिहिलं आहे. पुढच्या वर्षी तो इवो जिमाच्या लढाईतही होता. तिथे किनाऱ्यावर रुतलेली जहाजं ओढून काढताना तो स्वतःच वाळूत जाऊन बसला! पण निघाला बाहेर.

युद्ध संपलं. १९४६ मध्ये झुनी अमेरिकेच्या तटरक्षक दलाला दिला गेला आणि तिथे त्याचं नाव झालं ‘टॅमरोआ’. बरोबरीची जहाजं एकेक करत भंगारात गेली, हा मात्र कामावर. आणि मग उजाडला १९९१ चा ऑक्टोबर.

त्या महिन्याच्या अखेरीला अटलांटिक महासागरात असं वादळ उठलं की त्यावर पुढे पुस्तक निघालं आणि सिनेमाही आला. टॅमरोआ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. आधी तो ‘सटोरी’ नावाच्या एका लहानशा शिडाच्या होडीच्या मदतीला गेला. तिच्यावरच्या तिघांना अखेर हेलिकॉप्टरनं उचललं. तेवढ्यात ३० तारखेच्या रात्री दुसरीच बातमी आली. बचावकामाला निघालेल्या आणखी एका हेलिकॉप्टरला वादळामुळे हवेत इंधन भरून घेता आलं नव्हतं. टाकी रिकामी झाली आणि पाचही जणांना खवळलेल्या समुद्रात उतरावं लागलं होतं.

टॅमरोआ तिकडे वळला. अंधार, वारा, आणि चार मजली इमारतीएवढ्या लाटा. अशा लाटेत साडेबासष्ट मीटरचं जहाज म्हणजे काय! पण इथे टगाचं घराणं कामी आलं. बसकी, रुंद, जाड पोलादाची बांधणी, आणि मागच्या बाजूला पाण्यालगतचा डेक. खलाशांनी बाजूनं दोरांची जाळी सोडली. जाळीवर लोंबकळणाऱ्या माणसाला वर घ्यायचं म्हणजे जहाज त्याच्याकडे कलेल तेव्हा धरायचं आणि उलटं कलेल तेव्हा ओढायचं. चौघांना त्यांनी असं वर घेतलं. पाचवा माणूस मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याचा शोध चालू होता.

टॅमरोआ १९९४ मध्ये निवृत्त झाला. काही लोकांनी त्याचं संग्रहालय करायचा प्रयत्न केला, पण जुन्या जहाजाला पैसे लागतात आणि गंजाला फुकट मिळतं सगळं. शेवटी १० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ त्याला मुद्दाम बुडवलं. माशांना घर व्हावं म्हणून तिथे कृत्रिम खडक तयार केलेला आहे, त्यात तोही आता एक.

‘नॅव्हाहो’ हे नाव मात्र पुन्हा निघालं. अमेरिकेनं अलीकडे ओढण्यासाठी आणि बुडालेली जहाजं वर काढण्यासाठी जो नवा वर्ग बांधायला घेतला, त्यातल्या पहिल्या जहाजाला हेच नाव दिलं.

आणि आपल्याकडे? आपल्या नौदलानंही भर समुद्रात जाणारे टग बांधून घेतले. त्यांची नावं काय ठेवली असतील, ओळखा बघू! एकाचं ‘गज’ आणि दुसऱ्याचं ‘मातंग’. संस्कृतच्या तासाला झोप काढली नसेल तर दोन्हींचा अर्थ तुम्हाला माहीत आहे : हत्ती. यांतला ‘गज’ गोव्यात, गोवा शिपयार्डमध्ये बांधला. जंगलात ओंडके ओढणारा हत्ती ज्यानं पाहिलाय, त्याला हे नाव लगेच पटेल.

टग किती ओझं ओढू शकतात हे आपण मुंबईतही पाहिलं आहे. आपली विमानवाहू नौका ‘विराट’ निवृत्त व्हायच्या आधी कोचीच्या गोदीत नेली होती. तिथून ती निघाली ऑक्टोबर २०१६ मध्ये, पण स्वतःच्या बळावर नाही. टगांनी तिला ओढत पाच दिवसांत मुंबईला आणलं. सुमारे अठ्ठावीस हजार टनांची नौका! पुढे सप्टेंबर २०२० मध्ये तिला मुंबईहून गुजरातमधल्या अलंगला नेलं, तेही टगानंच. निरोप द्यायला गेलेल्या माणसांनी विराटचे फोटो काढले. पुढे दोर लावून चालणाऱ्या टगाकडे किती जणांनी कॅमेरा वळवला असेल, कोण जाणे.

तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलात आणि एखादा टग काम करताना दिसला, तर नीट बघा. दोर टगाच्या कुठल्या भागातून निघतोय? आपली फूटपट्टी सांगते, मध्यातून निघायला हवा. पण बंदरातल्या काही नव्या टगांचा दोर चक्क पुढच्या टोकातून निघतो आणि ते उलटे चालत जहाज ओढतात! फूटपट्टी खोटी ठरली का? मुळीच नाही. एक धागा देतो : त्या टगांचे पंखे मागच्या टोकाखाली असतात आणि ते गोल फिरून कुठल्याही दिशेला जोर लावू शकतात. फूटपट्टी आणि दोरा पुन्हा काढा आणि करून बघा. उत्तर पुढच्या अंकात.